तंबोरा दुरुस्तीला टाकून : मिरज-सांगलीतले पाच दिवस

पहिला दिवस : ५ नोव्हेंबर

आत्याचा तंबोरा सहा वर्षे आमच्या डोंबिवलीच्या घरात, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, गवसणी घालून उभा होता. मागच्या पावसाळ्यात त्याच्या भोपळ्याला, गुलूच्या, म्हणजे भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या मानेच्या, थोडे खाली, बोटभर चीर गेली. जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याचा झंकार देणारा घासलेला उतार, तर त्याआधीच गेली होती, त्यामुळे तारा छेडल्या की नुसता कोरडा आवाज यायचा आणि झंकार असा उरलाच नव्हता. मुंबईत तंबोरे दुरुस्त करणारे नाहीत असे नाही, पण आत्याने फोनवर एका वाक्यात विषय संपवला, "मिरजेचा आहे, मिरजेलाच ने." मलाही निमित्त हवेच होते. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, त्या दिवशी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरवपदक देण्याचा समारंभ होतो आणि तो एकदा तरी डोळ्यांनी पाहावा, असे कॉलेजात एकांकिका करत होते तेव्हापासून मनात होते. तंबोरा आणि समारंभ एकाच फेरीत साधावेत, असा बेत करून मी सकाळच्या गाडीत बसले.

बेत फसला, आणि तो माझ्याच चुकीने फसला. मुंबईकडून येणारी गाडी आधी सांगलीला थांबते आणि मग मिरजेला. मी सांगलीला उतरून तडक नाट्यगृह गाठायला हवे होते, परंतु माणसाच्या खांद्याला लागेल एवढे ते धूड घेऊन सभागृहात कसे शिरायचे, या विचाराने मी पुढे मिरजेपर्यंत गेले, लॉजवर तंबोरा टेकवला, तोंड धुतले आणि मग सांगलीची बस धरली. सांगली आणि मिरज यांच्यात दहा-एक किलोमीटरचे अंतर आहे. १९९८ पासून कुपवाडसह दोन्ही शहरांची महापालिका एकच आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वस्ती एवढी वाढली आहे की एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे दुकानांच्या पाट्यांवरूनच कळते. त्या रस्त्याला संध्याकाळी जी गर्दी असते तिचा हिशेब मी धरला नव्हता. मी पोहोचले तेव्हा पदक देऊन झाले होते. लोक बाहेर पडत होते, साड्यांना अत्तराचा वास होता, आणि दाराशी उभे असलेले दोन वृद्ध गृहस्थ आजच्या भाषणापेक्षा एका जुन्या प्रयोगातल्या तिसऱ्या अंकाबद्दल अधिक तावातावाने बोलत होते. हे पदक पहिल्यांदा बालगंधर्वांना दिले गेले होते. मी त्या दोघांच्या मागे उभी राहून चहा घेतला आणि परतीची बस धरली.

दुसरा दिवस : ६ नोव्हेंबर

सकाळी नऊला तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेच्या दर्ग्याच्या आसपासच्या या भागात तंतुवाद्ये करणाऱ्यांची दुकाने आणि घरे एकमेकांना लागून आहेत. पुढे दुकान, मागे कारखाना आणि वर राहते घर, अशी साधारण मांडणी. छताला सुकलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या फळ्या, आणि हवेत लाकडाचा भुसा, सरस आणि चपडी यांचा मिळून एक वास. ज्यांच्याकडे आत्याने पाठवले होते ते कारागीर आता सत्तरीला आले आहेत. त्यांचे नाव लिहिणे त्यांना आवडणार नाही, म्हणून इथे चाचा एवढेच म्हणते.

चाचांनी गवसणी काढली, तंबोरा आडवा मांडीवर घेतला आणि तारांना हात लावण्याआधी भोपळ्यावर मुठीने तीन-चार ठिकाणी ठोकून पाहिले. टरबूज घेताना आपण करतो तसेच, फक्त कान जवळ नेऊन.

"भोपळा जिवंत हाय, ताई. चीर वरची हाय."

मग त्यांनी गुलूवरची कोरलेली पाने बोटाने चाचपली आणि हे काम कोणत्या घरातले असेल ते सांगितले. सही नाही, चिठ्ठी नाही, नुसत्या पानांच्या वळणावरून! आत्याने हा तंबोरा १९७० च्या दशकात घेतला होता आणि नंतर फोनवर विचारले तेव्हा तिला आठवले ते दुकान त्याच घराचे निघाले.

चीर बुजवायची, आतून पट्टी बसवायची, ती वाळू द्यायची, मग वरून रंग आणि पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी जवारी. "नऊ तारखेला या," चाचा म्हणाले. मी आणखी लवकर होईल का, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर न देता माझ्यापुढे चहा ठेवला. चार दिवस मला या दोन गावांत काढायचे होते ते असे ठरले.

चहा पिता पिता मी दोन तास तिथेच बसले. मिरजेत हा व्यवसाय कसा आला याची हकीकत सगळ्या गल्लीला पाठ आहे. इथले हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि भाले यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि धार लावायला हत्यारेच येईनाशी झाली. मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारी गवयांचा राबता होता आणि त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीला दूर पाठवावी लागत. फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ती दुरुस्त करता करता स्वतःच घडवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांचे घराणे सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. पोलादाची पारख असलेला हात तारेकडे वळला, यात मला तरी फार आश्चर्य वाटत नाही. जवारी काढताना कानस ज्या हलकेपणाने चालवावी लागते, तो हलकेपणा पात्याला धार देणाऱ्याच्या हातातच असणार.

भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. हा खायचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. साल जाड आणि घेर मोठा हवा म्हणून तो वेलावरच पुरता पिकू देतात आणि नंतर कित्येक महिने सुकवतात. कारखान्यात आल्यावर तो पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापून आतला गर आणि बिया खरवडतात आणि हव्या त्या आकारात ताणून पुन्हा वाळवतात. त्याला गुलू जोडायचा, गुलूला पोकळ दांडी, भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची तबली, तबलीवर घोडी, वर चार खुंट्या. पुरुषी आवाजाचा तंबोरा मोठा आणि बायकी आवाजाचा लहान, हे आपल्याला माहीत असते, पण दोन्हींचे भोपळे वेलावर असतानाच शेतकरी वेगळे धरून ठेवतो, हे मला तिथे कळले. म्हणजे गायिकेचा स्वर भीमेच्या काठावरच्या मळ्यात ठरायला लागतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे प्रमाणपत्र गल्लीत अभिमानाने दाखवले जाते. मी चाचांना त्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "मानांकन मिळालं, चांगलं झालं. पर खुंट्या घासायला पोरगं मिळत न्हाई." त्यांचा एक नातू औषधांच्या दुकानात कामाला आहे. मिरज रुग्णालयांचे गाव असल्यामुळे तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो, आणि तंबोऱ्याचे पैसे मात्र गिऱ्हाईक येईल तेव्हा. शिवाय इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलमधले ॲप यांनी नव्या विद्यार्थ्यांची गरज परस्पर भागवून टाकली आहे. मीही घरी रियाज करते तो मोबाइलवर, हे मात्र मी चाचांना सांगितले नाही.

दुपारी दर्ग्यात गेले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा हा दर्गा मिरजेचा केंद्रबिंदू आहे आणि उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, ही इथली जुनी रीत. गाणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच आवारात आहे. खाँसाहेबांना मिरजेत आजारपणात मीरासाहेबांच्या चरणी उतार पडला आणि म्हणून ते इथेच राहिले, असे मिरजकर सांगतात. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे जात असताना वाटेत त्यांच्या छातीत कळ आली, ते सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्थानकावर उतरले, फलाटावर पथारी घातली, तंबोरा जुळवला आणि दरबारी कानडा रागात ईश्वराचे नाव घेत त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह मिरजेला आणला गेला. तेव्हापासून उरुसाच्या दिवसांत इथे त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतसभा होते. गवई तिथे मैफल करतो असे म्हणत नाहीत, हजेरी लावतो असे म्हणतात. मानधनाची बोली नसते, उंच रंगमंच नसतो, आणि श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसलेला माणूस सकाळी घोडी घासणारा कारागीर असू शकतो. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते. गाणाऱ्याच्या मागे वाजणारा तंबोरा ज्याने केला तोच समोर ऐकायला बसलेला आहे, असे दुसऱ्या कोणत्या गावात होत असेल ते मला ठाऊक नाही.

मी गेले तेव्हा उरूस नव्हता. आवारात सावलीला दोन बायका नवस बोलायला आलेल्या, एक मुलगा कबुतरांमागे धावणारा, आणि खाँसाहेबांच्या कबरीवर कुणीतरी वाहिलेली ताजी फुले. मी तिथे बसून हळू आवाजात नुसता षड्ज लावला. कुणी वळून पाहिले नाही. या गावाला त्याची सवय असावी.

संध्याकाळी बालगंधर्व नाट्यगृहावरून गेले. इथे पूर्वी हंसप्रभा थिएटर होते आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेल्या नारायण राजहंस, म्हणजे पुढच्या बालगंधर्व, नावाच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने तिथेच शकुंतला म्हणून पहिले पाऊल टाकले, असे मिरजकर छाती पुढे काढून सांगतात. आज प्रयोग नव्हता, फाटक बंद होते. तिथून खरे मंदिरात डोकावले. इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दप्तरांतून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, त्यांच्या नावाची ही वास्तू. इथली वसंत व्याख्यानमाला जुनी आणि नावाजलेली आहे. वाचनालयात चार जण वर्तमानपत्रे वाचत होते आणि पंख्याचा आवाज येत होता.

तिसरा दिवस : ७ नोव्हेंबर

आजचा दिवस सांगलीचा. परवा ज्या नाट्यगृहाच्या दारातून परतले होते तिथे सकाळी पुन्हा गेले. समारंभाचे हार अजून कोपऱ्यात पडलेले होते आणि एक कामगार खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होता. त्याच्या परवानगीने मी रिकाम्या रंगमंचावर पाच मिनिटे उभी राहिले. नाट्यगृह रिकामे असताना जेवढे मोठे वाटते तेवढे ते भरल्यावर वाटत नाही.

या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांची हकीकत शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपलेली असते, म्हणून इथे थोडी सविस्तर लिहिते. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांना तो प्रकार आवडला, पण त्यातला धांगडधिंगा खटकला, आणि असे काही मराठीत नीटनेटके करून दाखवावे अशी आज्ञा त्यांनी पदरी असलेल्या विष्णू अमृत भावे या तरुणाला केली. भावे हिकमती होते. लाकडी बाहुल्या घडवणे, सोंगे सजवणे, पदे रचणे, सगळे त्यांना येत होते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' झाले. त्यात आज आपण ज्याला संहिता म्हणतो ती नव्हतीच. सूत्रधार पदे म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रे आपल्या वाटची भाषणे आयत्या वेळी करायची. गणपती येणार, सरस्वती मोरावर बसून नाचणार, विदूषक सूत्रधाराला सतावणार आणि राक्षस आरोळ्या ठोकत प्रेक्षकांच्या मुलांना रडवणार.

पण मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १८५१ साली अप्पासाहेब वारले. दरबारचा आश्रय संपला, नाटकासाठी झालेला खर्च अंगावर आला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव खेळ करत फिरणे भाग पडले. १८५३ साली ते मुंबईत पोहोचले आणि तिथे लोकांनी तिकीट काढून त्यांचे खेळ पाहिले. अप्पासाहेब आणखी वीस वर्षे जगते तर मराठी नाटक कदाचित राजवाड्याच्या चौकातच राहिले असते. शिकलगारांच्या तलवारी गेल्या आणि सतारी आल्या, तसेच हे. याच पटवर्धनी मुलुखातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी दत्तजयंतीला दारूकाम पाहताना भाजले, डोळे गेल्यात जमा झाले, उपचारासाठी मिरजेला आले, शाळा सुटली म्हणून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले आणि पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशावर चालणारी ती गायनशाळा होती. १९३१ साली ते वारले तेही मिरजेतच. पोटाचा एक धंदा किंवा डोक्यावरचे एक छत्र गेले आणि त्या मोकळ्या जागेत कला उभी राहिली, असे या दोन गावांत इतक्या वेळा घडले आहे की राजाश्रयाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी इथे एक चक्कर मारावी.

राजवाड्याच्या आवारातून सांगली नगर वाचनालयाकडे गेले. दीडशे वर्षांहून जुनी ही संस्था २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाण्याखाली गेली आणि हजारो ग्रंथ लगद्यासारखे होऊन बाहेर काढावे लागले. मी पुस्तकांविषयी विचारायला गेले होते, पण गोष्ट आपोआप पुराकडेच वळली. सांगलीत कोणतीही इमारत दाखवताना माणूस आधी हात उंचावतो आणि पाणी कुठवर आले होते ते दाखवतो. या गावात नदीची उंची आयर्विन पुलाजवळ मोजतात. १९२९ सालचा हा दगडी पूल, आणि २०१९ ला तिथे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते. नाटक मंडळींनाही हा आकडा पाठ आहे, कारण पडदे, पेट्या आणि जुने फोटो कुठल्या मजल्यावर ठेवायचे हे त्यावरून ठरते.

दुपारी कृष्णाकाठच्या गणपतीचे दर्शन घेतले, भडंग घेतले (दोन पाकिटे, एक तिथेच संपले) आणि घाटावर बसून राहिले. सांगलीने एकट्याने मराठी रंगभूमीला किती माणसे दिली याची मोजदाद करत होते. 'कीचकवध', 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. मास्टर दीनानाथांनी आपले बिऱ्हाड इथे थाटले होते आणि आशाबाईंचा जन्म १९३३ साली इथेच झाला. दीनानाथांच्या नावाचे नाट्यगृहही शहरात आहे. मिरजेची बाजू धरायची तर हिराबाई बडोदेकर तिथे जन्मल्या. ही चढाओढ दोन्ही गावांत आजही चालते आणि पाहुण्याने तिच्यात न पडलेले बरे.

संध्याकाळची गोष्ट मात्र ठरवून झाली नव्हती. सकाळी खुर्च्या लावणाऱ्या गृहस्थांनी सांगितले होते की हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले आहेत आणि एका शाळेच्या वर्गात रोज रात्री तालीम चालते. सांगली हे या स्पर्धेचे एक केंद्र आहे. मी साडेआठला गेले. बाके भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती. फरशीवर खडूने दार, खिडकी आणि पलंग आखले होते. नायक बँकेत कारकून, त्याची आई झालेली बाई अंगणवाडी सेविका, आणि दिग्दर्शक दिवसा विम्याची कामे करणारे. नायिकेला उशीर झाला, कारण तिच्या कारखान्यातली पाळी लांबली होती. ती आली, डबा बाजूला ठेवला आणि आल्या पावली रडण्याच्या प्रवेशाला उभी राहिली. तिने एका वाक्यावर दोनदा अडखळल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "अगं, रडू नकोस, रडू दाबतीयस असं कर." तिसऱ्यांदा तिने वाक्य घेतले तेव्हा वर्गात कुणी हलले नाही. मग तिने खडूची रेघ ओलांडली आणि सगळे एकदम ओरडले, "भिंतीतून गेलीस!"

प्रयोग एकच होणार, बक्षीस मिळाले तर दोन. नेपथ्याचे पैसे वर्गणीतून. मी हे सगळे कशासाठी, असे विचारण्याचा मोह टाळला.

चौथा दिवस : ८ नोव्हेंबर

सकाळी रिक्षाने हरिपूरला गेले. सांगलीला लागून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले हे गाव. संगमेश्वराचे देऊळ, देवळाखाली घाट आणि समोर दोन नद्यांच्या पाण्याचे दोन वेगळे रंग, निदान नोव्हेंबरात तरी. गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली इथे जन्मले. कृष्णेकाठच्या पारावर बसून ते 'शारदा' रचत असत, असे गावकरी सांगतात आणि तो पारही दाखवतात. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाचा विषय होता पैशासाठी लहान मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी लावण्याचा. पौराणिक कथांत रमलेल्या संगीत रंगभूमीवर देवलांनी आपल्या आसपासचे घर, आपल्या आसपासची भाषा आणि आपल्या आसपासचा लोभ आणून उभा केला. सांगलीच्या राजवाड्यातल्या सीतेपासून हरिपूरच्या शारदेपर्यंत अंतर अवघे काही किलोमीटर आणि छप्पन्न वर्षे.

पारावर एक आजोबा बसले होते. त्यांना देवलांपेक्षा पेवांविषयी बोलायचे होते. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवण्याची पेवे असत. वर तोंड अरुंद आणि आत खोलीएवढा पोटाचा घेर, त्यात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात बरीच पेवे पाण्याने भरली आणि ढासळली. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आधी वारा खेळू द्यायचा, असे त्यांनी मला दोनदा बजावले, जणू मी उद्या उतरणारच होते. मला मात्र त्या अरुंद तोंडाच्या पोकळीचे वर्णन ऐकताना चाचांच्या छताला टांगलेले भोपळे आठवत होते.

दुपारी वडापने, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या जीपने, तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरला गेले. नाट्यगृहांच्या यादीत तमाशाला जागा मिळत नाही म्हणून मुद्दाम गेले. शिवा-संभा कवलापूरकरांचा फड या गावचा, आणि संभा यांचे जुळे मुलगे लहू आणि अंकुश खाडे म्हणजेच काळू-बाळू. 'जहरी प्याला' या वगातल्या, म्हणजे तमाशातल्या नाटकातल्या, त्यांच्या हवालदारांनी उभा महाराष्ट्र हसवला. गावात त्यांच्या नावाने पाहायला जावे असे मला फारसे काही सापडले नाही. चहाच्या टपरीवाल्याने मात्र ग्लास विसळता विसळता दोन्ही हवालदारांचे एक संवादांचे जुगलबंदी प्रकरण एकट्याने, दोन आवाजांत करून दाखवले. त्याला स्मारकाची गरज वाटत नव्हती. मला वाटली.

पाचवा दिवस : ९ नोव्हेंबर

सकाळी दहाला चाचांच्या दारात हजर झाले. तंबोरा भिंतीला टेकून उभा होता. चीर कुठे होती ते मला शोधून सापडले नाही, तेव्हा चाचांनी माझे बोट धरून त्या जागेवर ठेवले. हाताला किंचित उंचवटा लागला, डोळ्यांना नाही.

जवारी माझ्यासमोर काढायची म्हणून राखून ठेवली होती. चाचांनी तारा सैल केल्या आणि घोडीचा माथा उजेडाकडे धरून मला दाखवला. चार तारांनी पन्नास वर्षांत त्यावर चार बारीक चर पाडले होते. तार चरात रुतली की ती घोडीवर नुसती टेकते, तिला कंप पावताना माथ्याला हलकेच चाटून जाता येत नाही, आणि झंकार असतो तो त्या चाटून जाण्यातच. त्यांनी कानस घेतली आणि एकाच दिशेने, श्वासाच्या लयीत, माथ्याचा उतार नव्याने घासायला सुरुवात केली. दहा-बारा हात मारायचे, फुंकर घालायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार पुन्हा उतरवायची. असे किमान वीस वेळा झाले. मला आठव्या खेपेलाच आवाज उत्तम वाटला होता.

"अजून बंद हाय," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी सुती दोऱ्याचा तुकडा तार आणि घोडी यांच्यामध्ये घातला आणि केसभर पुढे सरकवला. एका जागी, फक्त एकाच जागी, तार अचानक उघडली. आधी जो एकच सूर ऐकू येत होता त्याच्यातून वर दुसरा, त्याच्याही वर तिसरा असे सूर सुटत गेले आणि खर्जाच्या पोटातला गंधार मला स्पष्ट ऐकू आला. मागच्या खोलीत खुंट्या घासणाऱ्या माणसाने हात थांबवला, ऐकले आणि पुन्हा घासायला लागला.

मी आत्याला फोन लावून तो घोडीजवळ धरला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "पंचम जरा उतरलाय." चाचा मोठ्याने हसले आणि त्यांनी पंचमाच्या तारेचा मणी बोटाच्या टोकाने थोडा खाली सरकवला.

मजुरी मला वाटली होती त्यापेक्षा कमी झाली. मी दोन नोटा वर ठेवल्या तर त्यांतली एक त्यांनी परत केली. वर्तमानपत्राच्या कपट्यात दोऱ्याचे गुंडाळलेले चार तुकडे मात्र आठवणीने दिले. प्रवासात दोरे हलतील, म्हणाले, आणि हलले तर तुमचे तुम्हालाच लावावे लागतील.

रात्रीच्या गाडीने निघून सकाळी डोंबिवलीला पोहोचले. गवसणी काढली. तीन दोरे जागच्या जागी होते, खर्जाचा घसरून पडला होता. मी कपट्यातला एक दोरा काढला, तारेखाली घातला आणि जागा शोधत बसले. मागे सरकवला तर तार मुकी, पुढे सरकवला तर नुसती खरखर. कामावर जायची वेळ टळून गेली होती. शेवटी अकराच्या सुमाराला ती उघडली.